बोट येईल तो वार

चिचिजिमा बेटावर मी पाहिलेल्या पहिल्याच मोटारीला शिनागावाची नंबरप्लेट होती. शिनागावा हा टोकियो शहरातला गजबजलेला भाग, तिथे बुलेट ट्रेन थांबते. चिचिजिमा तिथून दक्षिणेला १,००० किलोमीटरवर, भर पॅसिफिकमध्ये. तरी कागदोपत्री ते टोकियोच. ओगासावारा नावाच्या या बेटांवर टोकियोच्या गव्हर्नरचा अंमल चालतो. पिनकोड १०० ने सुरू होतो, आणि सम्राटाच्या राजवाड्याचा पिनकोडही १०० नेच सुरू होतो. आपल्याकडे असं करायचं तर मुंबईची हद्द जयपूरच्या पुढे न्यावी लागेल, मधला सगळा मुलूख पाण्याखाली घालावा लागेल आणि पलीकडे निघणाऱ्या जीपवर एमएच ०१ रंगवावं लागेल. पाण्याखाली घालण्याचा भाग दर जुलैत आपोआप होतो. बाकीच्याला वेळ लागेल.

इथे जावं असं आम्हाला वाटण्याचं कारण निसर्गप्रेम नव्हे. आमच्या सोसायटीतले निम्मे लोक टूर कंपनीच्या टोप्या घालून साकुरा बघून आले होते आणि जिन्यात गाठून फोटो दाखवत होते. टोकियोत निशी-कासाईला राहणारा माझा पुतण्या म्हणाला, "काका, ओगासावाराला जपानी माणूससुद्धा सहसा जात नाही." एवढं वाक्य पुरलं. तिकिटं काढा म्हटलं.

विमानाची नव्हेत. विमानतळच नाही. तो व्हावा की न व्हावा यावर कित्येक दशकं चर्चा चालली आहे, आणि चर्चेला धावपट्टी लागत नाही. मध्यंतरी २००५ साली खास या मार्गासाठी एक अतिवेगवान जहाज बांधून तयार झालं. तेवढ्यात तेलाचे भाव चढले, हिशेब बसेना, आणि ते जहाज या मार्गावर कधी लागलंच नाही. राहता राहिलं 'ओगासावारा मारू'. या नावाचं हे तिसरं जहाज, २०१६ पासूनचं, ११,००० टनांचं. टोकियोच्या ताकेशिबा धक्क्यावरून सकाळी ११ वाजता सुटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता चिचिजिमाला लागतं. एरवी साधारण सहा दिवसांतून एक फेरी. तिथे तीन रात्री बंदरात थांबतं आणि माघारी फिरतं. पाहुण्याने तीन रात्री राहावं, नाहीतर पुढच्या फेरीपर्यंत राहावं. 'एक रात्र राहून निघतो' म्हणणाऱ्याला 'पोहत का?' एवढंच विचारता येतं.

बेटांची नावं पुतण्याने वाचून दाखवली तेव्हा तो नकाशा वाचतोय की कोणाच्या लग्नाची पत्रिका, ते कळेना. चिचिजिमा म्हणजे वडील, हाहाजिमा म्हणजे आई. वडिलांच्या आजूबाजूला थोरला भाऊ, धाकटा भाऊ आणि नातू. आईच्या आजूबाजूला थोरली बहीण, धाकटी बहीण आणि भाची. आईवडिलांमध्ये ५० किलोमीटर पाणी आणि दोन तासांची फेरीबोट. संसार टिकायला हे अंतर अगदी योग्य आहे असं आमच्या सौभाग्यवतीचं मत पडलं. जावई आणि सून ही बेटं पार उत्तरेला, म्हणजे सासूबाईंपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. त्या दोघांच्या मधे एक बेट आहे, ते लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाचं. माणसं निघून गेली, मागे राहिलेल्या शेळ्या माजल्या, आणि त्यांनी मध्यस्थाच्या बेटावरचं झाडझुडूप खाऊन माती उघडी पाडली. ती पावसाबरोबर समुद्रात गेली. १९९० च्या दशकाअखेरीस शेळ्या हटवल्या, पण बेटाची लाल जखम अजून भरलेली नाही. लग्न जमवणाऱ्याच्या वाट्याला हेच येतं. जावयाकडे मात्र थाट बघा. दुर्मीळ अल्बट्रॉस पक्ष्यांना त्यांच्या मूळच्या ज्वालामुखीच्या बेटाखेरीज दुसरं घर असावं म्हणून २००८ ते २०१२ मध्ये ७० पिल्लं जावयाच्या बेटावर आणली आणि शास्त्रज्ञांनी त्यांना हाताने घास भरवले.

पश्चिमेला १३० किलोमीटरवर निशिनोशिमा आहे. तिथे २०१३ साली ज्वालामुखी जागा झाला आणि समुद्रातून नवी जमीन वर येऊ लागली. टोकियोच्या हद्दीत इतकी कोरी जमीन निघाली आणि अजून एकही बिल्डर तिथे पोचला नाही, यावर माझ्या डोंबिवलीच्या मेव्हण्याचा आजही विश्वास बसत नाही.

जहाजावर सर्वांत स्वस्त तिकीट म्हणजे जमिनीवरची जागा. मोठं दालन, ओळीने पातळ गाद्या, उशीपाशी एक बुटकी आडभिंत. शेजाऱ्याचं डोकं दिसू नये याची व्यवस्था आहे, पाय मात्र सार्वजनिक. टोकियोचा उपसागर असेपर्यंत जहाज सज्जन असतं. नंतर मोबाईलचे दांडे एकेक करून गळतात, कुरोशियो प्रवाह आडवा येतो, आणि मग आपण गादीवर पडलेलो आहोत की गादी आपल्यावर, हे ठरवता येत नाही. ॲव्होमिन घेऊन मी डोळे मिटून पडलो. हिला काहीही झालं नाही. ही वेंगुर्ल्याची. हिच्या माहेरी समुद्र अंगणाच्या पुढे आहे आणि पिढ्यान् पिढ्या त्याच्याशी अरे-तुरेचं नातं आहे.

पलीकडच्या गादीवर साठीच्या पुढच्या एक जपानी बाई होत्या. डोळे तपासायला टोकियोला आलेल्या, आता घरी निघालेल्या. हातात केकचं खोकं, ते त्या लाटेबरोबर डावी-उजवीकडे झुकवून सपाट ठेवत होत्या. स्वतः मात्र पांढऱ्याफटक. ही त्यांच्या शेजारी जाऊन बसली, केकचं खोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि अस्सल मालवणीत म्हणाली, "गो बाय, आडवी पड. उठलंस तर पोटातला सगळा भायर येतला." बाई ताबडतोब आडव्या झाल्या. पुतण्याने माझ्या फोनमध्ये भाषांतराचं ॲप घालून दिलं होतं. ते पुढे कशालाच लागलं नाही. दोघी रात्री उशिरापर्यंत बोलत होत्या, एक मालवणीत आणि एक जपानीत. विषय दोघींच्या सुनांचा असावा, कारण दोघीही एकाच वेळी उसासे टाकत होत्या.

सकाळी धक्क्यावर घरगुती लॉजवाले हातात नावाच्या पाट्या घेऊन ओळीने उभे असतात. आमच्या नावाची पाटी धरलेल्या गृहस्थाने आधी त्या बाईंच्या हातातलं खोकं घेतलं आणि मग आम्हाला कमरेत वाकून नमस्कार केला. आमच्या खोल्या त्यांच्याकडेच होत्या. मला हा योगायोग वाटला. हिला वाटला नाही. दोन हजार वस्तीच्या बेटावर जहाजात भेटलेली बाई आपली यजमानीण निघाली नाही तरच नवल, असं तिचं गणित.

चिचिजिमाला वार दोनच, बोट आहे तो आणि बोट नाही तो. बोट लागली की गावातल्या दोन-तीन गल्ल्या जाग्या होतात, दुकानं उघडतात, खानावळी कंदील लावतात. बोट गेली की गावाला रविवार, मग कॅलेंडरवर मंगळवार का असेना. माल उतरून दुकानात लागेपर्यंत बायका पिशव्या घेऊन बाहेर उभ्या. कोबी, दूध, पाव, दही आधी उडतं. हीही त्यांच्यात जाऊन उभी राहिली. घ्यायचं काही नव्हतं, पण ताजी भाजी आल्यावर आपण घरात बसायचं हे तिच्या स्वभावात नाही. येताना एक कोबी आणि दोन शेजारणींची ओळख घेऊन आली.

वर्तमानपत्रंही बोटीनेच येतात, मागच्या फेरीपासूनची सगळी एका गठ्ठ्यात. आमच्या यजमानांनी गठ्ठा सोडला, तारखेप्रमाणे लावला आणि सर्वांत जुना अंक घेऊन चहापाशी बसले. दुसऱ्या दिवशी त्याच्या नंतरचा. सुमो कोण जिंकलं ते टीव्हीने केव्हाच सांगून टाकलेलं होतं, पण पेपरातला पैलवान अजून लढत होता आणि यजमान त्याच्या बाजूने होते. मी ताजा अंक मधूनच ओढून घेतला तर काय होईल, असं मनात आलं. मात्र ज्या घरात जेवायचं असतं तिथे असले प्रयोग करू नयेत.

टोकियोच्या या कोपऱ्यात आधी येऊन राहिला तो टोकियोवाला नव्हेच. १८३० साली मॅसॅच्युसेट्सचा नॅथॅनिएल सेव्हरी, त्याचे काही गोरे सोबती आणि हवाईची काही माणसं अशी वीस-पंचवीस डोकी हवाईहून गलबताने इथे उतरली. देवमासे मारणारी जहाजं पाणी आणि भाजीपाला घ्यायला थांबत, त्यांच्यावर यांचं पोट. १८५३ मध्ये कमोडोर पेरी जपानचे बंद दरवाजे ठोठावायला निघाला तेव्हा वाटेत इथे थांबला आणि कोळशाच्या वखारीसाठी सेव्हरीकडून जमिनीचा तुकडा घेऊन ठेवला. जपानने १८७६ साली बेटं आपली म्हणून जाहीर केली. सेव्हरीचे वंशज जपानी झाले, आडनाव सेबोरी झालं. १९४४ साली युद्धामुळे बहुतेक सगळ्यांना मुख्य भूमीवर हलवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात चिचिजिमाजवळ एक अमेरिकन विमान पडलं, त्यातला वैमानिक पाणबुडीने उचलला आणि पुढे तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला. तो म्हणजे थोरला बुश. युद्धानंतर अमेरिकन नौदलाचा अंमल, मग १९६८ साली पुन्हा जपान. शाळेत एका वर्षी इंग्रजीत पाढे म्हणणाऱ्या मुलांना पुढच्या वर्षी जपानीत म्हणावे लागले. पाढे बिचारे तेच राहिले. साकाइउरा किनाऱ्याजवळ युद्धातल्या एका मालवाहू जहाजाचा सांगाडा अजून पाण्याबाहेर डोकं काढून उभा आहे, आणि त्याच्याभोवती पोरं मासे बघत पोहतात.

जेवणाकडे येऊ. मी मूळचा पुण्याचा. मासे खायला लग्नानंतर शिकलो, आणि त्या बाबतीत माझं मत कोणी विचारत नाही. पहिल्या रात्री बेटाची खास सुशी आली. सावारा नावाचा मासा सुरमईच्याच कुळातला. त्याची फोड सोया सॉसमध्ये मुरवलेली, खाली किंचित गोडसर भाताचा मुटका. सुशीत फोड आणि भाताच्या मधे हिरवी वासाबी असते. वासाबीला थंड वाहतं पाणी लागतं, ती इतक्या लांबच्या गरम बेटावर कुठली? म्हणून इथे मोहरी लावतात. हाचिजोजिमाहून येऊन वसलेल्या लोकांनी ही रीत आणली. हिने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. नाकात झणका गेला असणार. मग डोळे उघडून म्हणाली, "अहो, मोहरी फेसलीय. अगदी लोणच्याला फेसतात तशी." यजमानीणबाई दारात उभ्या राहून निकालाची वाट बघत होत्या. हिने बोटांनी 'छान' अशी खूण केली आणि मला मराठीत सांगितलं, "सुरमईला इतकं गोडीगुलाबीनं वागवायचं नसतं, पण यांना कोण सांगणार?" दुसऱ्या दिवशीच्या मिसो सूपमधल्या तांबड्या माशाला आकाबा म्हणतात. हिने काटा तपासून तो गोब्र्याच्या घरातला ठरवला. मी नंतर विचारून घेतलं, ते बरोबर निघालं. मी सांगितलं नाही. तिला पुराव्याची गरज नव्हती.

तिसऱ्या ताटात कासव होतं. हिरवं समुद्री कासव, मीठ घालून शिजवलेलं, खोल वाडग्यात. पहिल्या वसाहतीपासून इथले लोक ते खातात. आज ठरावीक हंगामात, परवान्याने आणि मोजकीच कासवं धरता येतात. त्याच गावाच्या कडेला कासवांचं केंद्र आहे. तिथे अंडी जपतात, पिल्लं वाढवतात आणि समुद्रात सोडतात. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला आपले लोक पहाटे वाळूत उभे राहून इवल्याशा पिल्लांना समुद्रापर्यंत निरोप देतात. इथे निरोप देणारे आणि रस्सा वाढणारे एकाच वस्तीत राहतात, आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नाही. मी खाल्लं नाही. त्यात तत्त्व वगैरे नव्हतं. आयुष्यभर देवळात शिरताना ज्याला आधी हात लावला, त्याने वाडग्यातून ओळख दाखवली तर काय बोलायचं, हा प्रश्न होता. हिने दोन घास घेतले. "बोकडाला पोहायला शिकवलं तर त्याचं मटण असं लागेल," म्हणाली आणि वाडगा अदबीने पुढे सरकवला.

पण ओगासावाराचं खरं रूप जंगलाच्या तोंडाशी कळतं. ही बेटं कधीच कुठल्या खंडाला जोडलेली नव्हती. जे काही जिवंत पोचलं ते उडून, वाहून किंवा कोणाच्या पिसाला चिकटून, आणि मग एकांतात स्वतःच्या तऱ्हेने वाढलं. जमिनीवरच्या शंभरेक जातींच्या गोगलगायी आहेत, त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जगात दुसरीकडे नाहीत. या गोगलगायींच्या जोरावर २०११ साली बेटं युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. त्यांच्या मुळावर उठलाय न्यू गिनीहून आलेला एक चपटा किडा. तो मातीतून पसरतो, आणि माती आपल्या बुटाला लागते. म्हणून पायवाटेच्या तोंडाशी ब्रश, फवाऱ्यात व्हिनेगर आणि कपड्यांवरून फिरवायचे चिकट रोलर ठेवलेले असतात.

आमची आजी सोवळ्यात असताना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मला थांबवायची, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे भाव असत ते मी त्यानंतर थेट आम्हाला जंगलात नेणाऱ्या गाइडच्या चेहऱ्यावर पाहिले. विशीतला पोरगा, टोपी, दाढीचे चार केस. "सोल." मी बूट उचलला. त्याने खाचाखाचांतून ब्रश फिरवला. "दुसरा." मग व्हिनेगर. मग रोलर, पाठीवरून, खांद्यावरून, पायाच्या पोटऱ्यांवरून. पिशवी उलटी करून झटकली. शेवटी तो गुडघ्यावर बसला, माझा उजवा मोजा खाली ओढला आणि लोकरीच्या विणीतून चिमटीने एक कुसळ बाहेर काढलं. ते उन्हात धरून बघितलं. कुसळ आमच्या डोंबिवलीच्या मैदानावरचं असणार, दुसरीकडे मी या मोज्यांनी कधी चाललोच नव्हतो. हजारो किलोमीटर, दोन विमानतळ आणि एक पॅसिफिक पार करून ते इथवर आलं होतं आणि रुजायला पाच पावलं बाकी होती. पोराने ते प्लास्टिकच्या डबीत घालून झाकण लावलं. रागावला नाही. आजी रागावली असती. तेवढाच फरक.

आत गेल्यावर त्याने झाडांच्या बुंध्यांवर लावलेले चिकट सापळे दाखवले. अमेरिकेचा हिरवा अनोल सरडा इथे येऊन इथले किडे संपवतोय, त्याच्यासाठी ते. दक्षिणेच्या मिनामिजिमा नावाच्या छोट्या बेटावर दिवसाला शंभरच माणसांना जाऊ देतात, तेही गाइडबरोबर आणि दोन तासांपुरतं. तिथल्या पांढऱ्या वाळूत नामशेष झालेल्या गोगलगायींचे शंख पसरलेले आहेत. शेकडो, सगळे उपडे-सुलटे, उन्हाने कागदासारखे झालेले. एकही उचलायचा नाही. मी पायांकडे बघत चाललो, कारण मेलेल्यांवरही पाय पडू नये अशी ताकीद होती. आमचा एक स्नेही किल्ल्यावर जाऊन दगड खिशात घालून आणतो. त्याला इथे आणावं आणि वर रोलर फिरवावा, असं मला फार वाटलं.

हे सगळं बघून विमानतळाबद्दलचं माझं मत बदललं. होऊ नये. २४ तासांची बोट हे या जंगलाचं सर्वांत मोठं व्हिनेगर आहे. हे मत मी उभा असताना बनवलं. परतीच्या बोटीत आडवा पडल्यावर ते थोडं डळमळलं, हेही नोंदवून ठेवतो.

मार्च महिना होता, म्हणजे कुबड्या देवमाशांचा. ज्या बंदराने देवमासे मारणाऱ्यांना भाजी विकून पोट भरलं, त्याच बंदराने १९८८ साली देवमासे बघण्याच्या सहली सुरू केल्या, जपानमधल्या पहिल्या. आमच्या होडीपासून थोड्या अंतरावर पाणी काळं झालं, उंच झालं, आणि त्यातून एक शेपटी सरळ उभी राहिली. तिच्या कडांवरून पाणी पडदा सुटल्यासारखं ओघळलं, आणि ती कसलीही घाई न करता आत गेली. होडीतले सगळे एका सुरात "ओऽऽ" म्हणाले. ही म्हणाली, "एकाला गावजेवण होईल." मी तिला गप्प केलं, पण समोरच्या बाकावरचा जपानी म्हातारा हसला. काय बोललं गेलं ते त्याला कसं कळलं, देव जाणे.

एका संध्याकाळी गावात दक्षिण समुद्राचे नाच पाहिले. फुलांच्या माळा, गवताचे झगे, पोकळ लाकडाचा ठोका. जपानच्या ताब्यात मायक्रोनेशिया होता त्या काळात तिकडून आलेली ही गाणी. त्यातल्या कित्येक शब्दांचा अर्थ आता गाणाऱ्यांनाही ठाऊक नाही, तरी सूर आणि पावलं एका पिढीकडून दुसरीकडे बिनचूक जातात. टोकियोने या नाचाला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिलाय. गणपतीत दीड तास आरत्या म्हणणाऱ्या आम्हा लोकांना अर्थावाचून काही अडतं हे पटलंच नसतं. हिने दुसऱ्या कडव्याला ठेका धरला आणि तिसऱ्याला तिला ओढून आत घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी यजमानांनी मांजरांची हकिकत सांगितली. इथलं तांबड्या डोक्याचं रानकबूतर एकेकाळी चाळीसेकच उरलं असावं असा अंदाज होता, आणि रानटी झालेली मांजरं त्याच्या वाईटावर होती. दुसरीकडे कुठे असतं तर मांजरांचा निकाल तिथल्या तिथे लागला असता. इथे त्यांना पिंजऱ्यात पकडतात आणि बोट येईपर्यंत गावातल्या मांजरांच्या प्रतीक्षालयात ठेवतात. हो, तसं आहे. मग ती 'ओगासावारा मारू'ने टोकियोला जातात, तिथले पशुवैद्य त्यांना माणसाळवतात आणि घरं शोधून देतात. अशी शेकडो मांजरं आजवर गेली. कबुतरं वाढली. कोकणातून मुंबईला पोटासाठी गेलेल्या चाकरमान्यांच्या पिढ्या हिने पाहिल्यात. तिने एवढंच विचारलं, "गणपतीला परत येतात का?"

बोट सुटते तेव्हा अख्खं गाव धक्क्यावर असतं. ढोल वाजतात. जहाज हललं की गावातल्या वीसेक होड्या त्याच्या दोन्ही बाजूंनी धावत सुटतात. त्यांच्या टपावर तरुण पोरं-पोरी उभी राहून हात हलवतात, आणि खुल्या समुद्राच्या तोंडाशी होड्या थांबल्या की ती पोरं एकामागून एक पाण्यात उड्या मारतात. कोणी सूर मारतं, कोणी कोलांटी घेतं. जाणाऱ्याला निरोप द्यायला स्वतः समुद्रात पडायचं, अशी पद्धत मी दुसरीकडे ऐकलेली नाही. आपल्याकडे फार तर रिक्षापर्यंत सोडतात. शेवटच्या होडीवर आमचे सत्तरीचे यजमान होते. त्यांनी उडी मारली नाही. यजमानीणबाईंनी त्यांचा सदरा मागून घट्ट धरून ठेवला होता.

त्या बाईंकडे हिने जाताना एक पुडी ठेवली होती, मालवणी मसाल्याची. ही पुडी प्रवासात हिच्या पर्समध्ये असतेच, औषधांच्या शेजारी. दोन महिन्यांनी बाईंचं पत्र आलं, पुतण्याने वाचून दाखवलं. मसाला संपला आहे, शेजारणींनी वास घेऊन चौकशी केली आहे, आणखी मिळेल का. पुतण्या निशी-कासाईच्या भारतीय दुकानातून अर्धा किलो घेऊन पोस्टात गेला. पार्सलवर टोकियो लिहिलं, पाठवणारा टोकियोचा, घेणारी टोकियोची. खिडकीतल्या माणसाने पिनकोड बघितला, भिंतीवरचं बोटीचं वेळापत्रक बघितलं आणि हसून म्हणाला, कधी पोचेल ते समुद्रावर आहे.

पोचलं. बाईंनी फोटो पाठवला. निळ्या काठाची ताटली, त्यात ओळीने सावाराच्या सुशी, आणि मोहरीच्या जागी प्रत्येक फोडीखाली तांबड्या मसाल्याचा जाड थर. मागे यजमान, कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, आणि हाताचा अंगठा वर. हिने चष्मा लावला, फोटो मोठा केला, बराच वेळ निरखला आणि म्हणाली,

"मीठ कमी पडलंय."